डोळ्यांत मिरची

वर्तमानपत्र हातात आलं की लोक आधी अग्रलेख वाचतात, असा संपादकांचा समज असतो. मी आधी चोऱ्या वाचतो. आमच्या गावाचं नाव २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण चोऱ्यांचं पान होतं तिथंच आहे.

त्या पानावरचा माझा आवडता प्रकार म्हणजे मिरची पुडीचा. गोष्ट ठरलेली असते. वसुलीची रक्कम घेऊन एखादा नोकर बँकेकडे निघतो. जालना रोडवर दिवसभर पाय ठेवायला जागा नसते, पण ह्या गृहस्थाला नेमकी निर्मनुष्य जागा सापडते. मागून दुचाकीवर दोघे येतात, डोळ्यांत मिरची पूड टाकतात आणि बॅग हिसकावून पसार होतात. वर्णन काय, तर अंगाने सडपातळ, तोंडाला रुमाल. आता मे महिन्यात आमच्याकडे तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय दुचाकीवर बसतो कोण? ह्या वर्णनावर जायचं म्हटलं, तर क्रांती चौकातला सिग्नल लाल झाला की दर वेळी चाळीस दरोडेखोर आयते सापडतील.

मग तिसऱ्या दिवशी त्याच पानावर मथळा येतो, 'फिर्यादीच निघाला आरोपी!' कुणाला उसनवारी फेडायची असते, कुणी भिशीत बुडालेला असतो, कुणाला पत्ते लागलेले नसतात. पोलिसांना संशय येतो तो डोळ्यांवरून. मिरची गेलेला माणूस आधी पाण्यासाठी नाचतो. हा आधी मालकाला फोन करतो. डोळे कसे धुतल्या तांदळासारखे, आणि पूड मात्र शर्टावर, तीही रांगोळी काढल्यासारखी.

"तुम्ही तर मी नुसती फोडणी दिली तरी गल्लीभर ऐकू जाईल असे खोकता," ही म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं हे." मला हा अपमान वाटावा की प्रशस्तिपत्र, ते मी अजून ठरवलेलं नाही.

असल्या खोट्या खबरीला कायद्यात शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत कलम १८२ होतं, सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम २१७. कैद वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत गेला. महागाई सगळीकडेच आहे.

पण मला खरं कौतुक आहे ते पोलिसांच्या तीन समऱ्यांचं. तपास कुठंच पोचला नाही की महाराष्ट्रात फाईल मिटवायचे तीन मार्ग असतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण माग लागत नाही. बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी, मुद्दाम केलेली. आणि सी समरी म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. सत्याचे असे तीन खण आमच्या तत्त्वज्ञान्यांनासुद्धा पाडता आले नसते. लग्न जमवताना सांगितलेली वयं, घरमालकानं दिलेला पाण्याचा शब्द, मित्रानं 'परवा देतो' म्हणून नेलेले पैसे, सगळं सी समरीत घालून मी मोकळा होतो.

इथवर गंमत आहे. पुढं आमच्या शेजारच्या मावशी येतात.

मावशींची दीड तोळ्याची पोत भाजी घेऊन येताना भरदुपारी गळ्यातून ओढली. मी त्यांच्यासोबत चौकीत गेलो. (कुठल्या, ते विचारू नका.) टेबलावरच्या हवालदारानं त्या आठवड्यात दोन बनाव उकलले होते, त्यामुळं त्याची नजर भलतीच धारदार झालेली.

"आजी, खरं सांगा. पोत चोरानं नेली का सोनारानं?"

"सोनार कामून नेईल बाबा?"

"गहाण ठेवली असंल. घरी सांगायची भीती वाटली असंल. येतात हो अशा लई जणी."

मावशी काही बोलल्या नाहीत. पदर बाजूला करून त्यांनी मानेवरचा लाल वळ दाखवला. सत्तरीच्या बाईला चार परक्या पुरुषांपुढं मान उघडी करून खरेपणाचा पुरावा द्यावा लागला. त्या मिरचीवाल्यांची पूड खऱ्या अर्थानं पडली ती इथं. फिर्याद लिहून घेतली, पण दोन तासांनी.

आणि गंमत बघा, समोर बसलेल्या बाईवर विश्वास न बसणाऱ्या ह्याच मुलखात, पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेल्या निरोपावर लोकांचा ताबडतोब विश्वास बसतो. २०१८ च्या जूनमध्ये मोबाइलवर चोरांच्या आणि मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा फिरत होत्या. आमच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात, जमावानं चोर समजून माणसांना मारलं, दोघं गेले. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तिथं कुणी विचारलं नाही की ज्याचं पोर पळवलं तो बाप कुठाय, आई कुठाय. फिर्यादी नव्हताच. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढं धाडता येईल असं केलं. पाच हा आकडा वाचला की मला राईनपाडाच आठवतो.

तेव्हापासून चोऱ्यांचं पान वाचताना 'हा बनावच असणार' असं ही म्हणाली की मी गप्प बसतो. बहुधा तिचं खरंही निघतं.

मावशींच्या पोतीचं पुढं काही झालं नाही. बऱ्याच महिन्यांनी कोर्टाचा कागद आला, तो वाचायला त्या माझ्याकडं आल्या. ए समरी. मी चाचरतच सांगितलं, "मावशी, चोर काही सापडला नाही. फाईल बंद करतायत."

"ते कळलं. माझ्याबद्दल काय लिवलंय?"

"गुन्हा खरा आहे, असं लिहिलंय."

"खरा? शिक्का हाय का त्याच्यावर?"

"आहे ना."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, बोटानं शिक्का चाचपला, चार घड्या घातल्या आणि पोत गेल्यावर रिकाम्या राहिलेल्या सोनाराच्या लाल डबीत नीट बसवला. डबीचं झाकण नीट लागेना, म्हणून माझ्याकडून एक रबर मागून नेलं.