चकत्यांच्या भज्यांचे पीठ

कांद्याची भजी आमच्याकडे दोन तऱ्हांनी होतात आणि त्या दोहोंतील भेद वरवर आकाराचा दिसत असला तरी मुळात तो पाण्याचा आहे. उभा चिरलेला कांदा मीठ चोळून थोडा वेळ ठेवला, त्याला सुटलेल्या रसात मावेल तेवढेच डाळीचे पीठ भुरभुरले आणि बाहेरचे पाणी थेंबभरही न घालता ते मिश्रण वेडेवाकडे तेलात सोडले, की खेकडा भजी होतात. सिंहगड चढून गेलेल्या माणसाच्या पुढ्यात पिठले-भाकरीच्या जोडीने येतात ती हीच. दुसरी तऱ्हा चकत्यांची. तीत कांदा आडवा कापायचा, त्याच्या कड्या अखंड सोडवायच्या आणि एकेक कडी सरबरीत पिठात बुडवून तळायची. पहिल्या तऱ्हेत पिठाचा सगळा बंदोबस्त कांदाच करतो, दुसरीत ती जबाबदारी पीठ भिजवणाऱ्याच्या हातावर येते. आणि म्हणूनच, आयुष्यातले पुष्कळ पावसाळे कढईपुढे घालविल्यावर, खेकडा भज्यांची लोकप्रियता मान्य करूनही मी चकत्यांच्या भज्यांना वरचा मान देतो.

पिठाने करावयाचे काय, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. कांद्याच्या वजनात सुमारे नऊ दशांश पाणीच असते. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असताना कडी त्यात पडली, की हे पाणी उकळून त्याची वाफ होते आणि बुडबुड्यांच्या रूपाने ती बाहेर धाव घेते. जोवर ती जोराने बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरण्यास फारशी मुभा मिळत नाही. कांद्याने आपल्याच वाफेत शिजावे आणि त्या वाफेला बाहेर पडण्यास वाटही राहावी, एवढ्या बेताचा लेप देणे हेच पिठाचे कर्तव्य. लेप जाड झाला तर वाफ आत कोंडून भज्याचे अंतरंग गिचगिचीत राहते. तो विरळ पडला तर कांदा उघडा पडून करपतो आणि त्याचा गोडवा जाऊन कडवटपणा तेवढा उरतो.

आता ज्या कांद्याची ही सेवा करावयाची, तो वर्षभर एकाच प्रकृतीचा नसतो. पावसाळ्यात, म्हणजे भज्यांच्या खऱ्या हंगामात, आपल्या हाती येतो तो उन्हाळी कांदा. चैत्र-वैशाखात काढलेला आणि नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी वारा खेळता राहील अशा चाळींत साठवलेला. त्याचे अंग घट्ट, साल कोरडी व तिखटपणा पुरेसा असतो आणि त्याच्या कड्या कापताना मोडत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बाजारात येणारा नवा खरिपाचा कांदा रसाळ खरा, पण तो साठवणीला टिकत नाही आणि त्याच्या ओलसर कडीवरून पीठ घसरते. श्रावणातला कांदा आणि मार्गशीर्षातला कांदा यांना एकाच मापाचे पाणी चालेल असे समजणे मला मान्य नाही. नव्या कांद्यासाठी पीठ नेहमीपेक्षा किंचित घट्ट धरावे लागते, आणि तो कापून झाल्यावर कोरड्या पंचावर पसरून ठेवावा लागतो.

हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाला या कामी दुसरे पीठ तुल्यबळ नाही, असे माझे मत आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून हात फिरू लागला, की त्यातील ग्लुटेनमुळे चिवटपणा येतो. मैद्याचे आवरण करणारे ते फार न ढवळण्याविषयी ताकीद देतात ती यासाठीच. डाळीच्या पिठात ग्लुटेन नाही. ते मनसोक्त फेटावे. चिवट होणे दूरच, उलट हवा धरून ते हलके होते. मात्र पाणी एकदम ओतू नये. वाटीभर पीठ परातीत चाळून घ्यावे, त्यात दोन चमचे तांदळाची पिठी, हातावर चोळलेला ओवा, हळद व तिखट घालावे. पाण्याचा पहिला हप्ता इतका थोडा असावा की पीठ घट्ट लगद्यासारखे होईल, कारण गुठळ्या मोडतात त्या घट्ट पिठात. पातळ पिठात त्या बोटांना चुकवीत पोहत राहतात. लगदा गुळगुळीत झाला की मग थोडे थोडे पाणी देत, एकाच दिशेने फेटत त्याला सरबरीतपणावर आणावे आणि पाव तास स्वस्थ झाकून ठेवावे, म्हणजे डाळीचा कण न् कण भिजतो व कच्चेपणाची चव राहत नाही. तांदळाची पिठी कुरकुरीतपणासाठी. ती चमच्यांच्या हिशेबाने राहिली तरच उपकारक, तिचा अंमल वाढला तर लेप दाताला टणक लागतो.

पाण्याचे शेवटचे माप वाटीने देता येत नाही. माझी आत्या या बाबतीत फार काटेकोर होती. ती एक कडी पिठात बुडवून दोन बोटांनी वर उचली आणि तिच्या मधल्या पोकळीकडे पाहत राही. पोकळीवर पिठाचा पडदा धरला आणि तो तसाच राहिला, तर पीठ घट्ट. पडदा मुळी धरलाच नाही आणि लेपाखालून कांद्याचा जांभळा रंग दिसू लागला, तर पीठ पातळ. पडदा क्षणभर धरून मधोमध आपोआप फुटला, त्याचे पीठ खाली ओघळले, पण कडीवर मात्र पिवळा लेप सर्व बाजूंनी सारखा राहिला, की ती काही न बोलता कढईकडे वळे. या परीक्षेहून विश्वसनीय असे दुसरे साधन मला अद्याप आढळलेले नाही.

सोड्याविषयी माझा निकाल स्पष्ट आहे: या भज्यांना तो नको. तो जास्त झाला, की पिठातली हळद तांबूस डाग धरते आणि जाळीदार झालेला लेप तेल पितो. हलकेपणा हवा असेल तर कडकडीत तेलाचे चमचाभर मोहन घालावे आणि फेटण्यात कसूर करू नये. मिठाची वेळही सांभाळली पाहिजे. खेकडा भज्यांत जे मीठ प्रथम लागते ते येथे अगदी शेवटी, पिठातच घालावे. कड्यांना वेगळे मीठ लावले तर त्यांना पाणी सुटते आणि लेपाचा पाया ढळतो.

कडीच्या आतल्या बाजूला एक पारदर्शक, बुळबुळीत पापुद्रा असतो. कांदा पाव इंचाहून किंचित जाड कापून कड्या सुट्या केल्या, की हा पापुद्रा नखाने धरून ओढावा. तो सबंध निघतो, आणि तो निघालेल्या अंगाला पीठ बिलगते. त्यानंतर कड्या कोरड्या पिठात घोळवून झटकाव्यात व एकेक करून भिजवलेल्या पिठात बुडवाव्यात. सगळ्या एकदम पिठात टाकून ठेवल्या तर कांद्याचा रस उतरून पीठ पातळ होते. घाणा कढईत मावेल त्याहून थोडा कमीच घालावा, म्हणजे तेल निवत नाही. पुढे कान जागा ठेवावा. तळणीचा आवाज प्रथम मोठा असतो, आतले पाणी सरत गेले की तो उतरतो. तो उतरला म्हणजे झारा घालावा आणि भजी त्यावर उभी धरून गरम असतानाच निथळू द्यावीत, कारण भजे निवताना आतली वाफ आकसते आणि अंगावर राहिलेले तेल त्या वेळी आत ओढले जाते.

परातीत थोडे पीठ नेहमीच उरते. त्यात आता कांद्याचा रस उतरलेला असल्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या भज्यांसाठी ते ठेवू नये. चिरलेली कोथिंबीर व थोडे पाणी घालून त्याच संध्याकाळी तव्यावर त्याची धिरडी घालावीत. ती उत्तम होतात.