माफी कुणी करायची?

आम्ही दोघे भाऊ. लातूरच्या बाजारात आमचा मालवाहू टेंपो भाड्याने चालायचा. चुलतभावाचा वलीमा उदगीरला होता. घरचा टेंपो असताना गाडी कशाला ठरवायची, असे म्हणत आम्ही हौद्यात सतरंज्या अंथरल्या आणि घरची पंधरा माणसे बसवली. धाकटा चालवत होता. एका वळणावर वेग आवरला नाही आणि टेंपो कलंडला. अल्हमदुलिल्लाह, जीव सगळ्यांचे वाचले. पण आमच्या खालाच्या मांडीचे हाड मोडले.

खालाचे घर शिलाई मशीनवर चालते, आणि मशीन पायाने. आम्ही दवाखान्यात फळे घेऊन जायचो आणि म्हणायचो, "अल्लाहची मर्जी." खाला मान हलवायची. आम्ही निर्धास्त होऊन घरी यायचो.

विमा आहेच, असे आम्हाला वाटत होते. वकिलांनी पॉलिसी वाचून सांगितले ते असे : मालवाहू गाडीच्या विम्यात रस्त्यावरचा तिऱ्हाईत येतो. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. हौद्यात फुकट बसवलेले पाहुणे येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ते स्पष्ट केले आहे. म्हणजे भरपाई चालवणाऱ्याने आणि गाडीच्या मालकाने द्यायची. एक धाकटा, एक थोरला. दोघेही आम्हीच.

पुढे खालाच्या मुलाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला, तेव्हा आम्हाला राग आला. घरातली गोष्ट कोर्टात नेली! अम्मी मात्र आमच्यावरच उलटली. म्हणाली, "माणूस चुकून मेला तरी वारसांना दियत द्यायला कुरआनने सांगितलंय. ती सोडायची की नाही, हे वारसांनी ठरवायचं. माझ्या बहिणीच्या वतीनं तुम्ही स्वतःला माफ करणारे कोण?"

सूरह निसाची ९२ वी आयत आम्ही अनेकदा वाचली होती. ती आपल्या टेंपोपर्यंत येऊन पोचते, हे त्या रात्री कळले. तकदीर मानणे हा ईमानचा भाग. पण तकदीरचे नाव घेऊन दुसऱ्याचा हक्क बुडवणे हा ईमानचा भाग नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालाच्या घरी गेलो. लोकअदालतीत समझोता झाला. रक्कम उभी करायला टेंपो विकावा लागला. खालाने त्यातून मशीनला मोटर बसवून घेतली. ईदला ती शीरखुर्मा घेऊन आली, तेव्हा आम्हाला तिच्या डोळ्यांत बघता आले.

वाचकहो, बारातीला माणसे न्यायची तर प्रवासी परवान्याचीच गाडी ठरवा. स्वतःच्या कारचा किंवा मोटारसायकलचा विमा फक्त 'थर्ड पार्टी' असेल, तर सोबत बसवलेल्या पाहुण्याचे संरक्षण त्यात आपोआप येत नाही. आजच पॉलिसी काढून पाहा. जखमींनीही लक्षात ठेवावे : हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली अडीच लाख रुपये मागता येतात. जास्त नुकसान झाले असेल तर कलम १६६ खाली दावा करता येतो. त्यासाठी कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे.

नात्यातल्या माणसाने हक्क मागितला म्हणून नाते तुटत नाही. ते तुटते हक्क नाकारल्याने.