काश्या आणि कालवड

लहान शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब सरकारदप्तरी सातबाराच्या उताऱ्यावर असतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा, कबजेदाराचे नाव, इतर हक्कांत विहिरीचा हिस्सा, आणि खालच्या बाजूस त्या त्या वर्षी उभ्या असलेल्या पिकाची नोंद, एवढे सारे त्या एका कागदावर उतरलेले असते. परंतु ज्या घरात मी जन्मले आणि ज्या घरात नांदले, त्या दोन्ही घरांत दोन चिजा अशा होत्या की कोणत्याही दप्तरात त्यांची नोंद झाली नाही, आणि तरीही पिढ्यानुपिढ्या त्यांची वहिवाट अखंड चालू राहिली. एक म्हणजे शेवंतीच्या काश्या आणि दुसरी म्हणजे गाईचा वंश. या दोहोंचे हस्तांतर बायकांच्या हातून बायकांच्या हाती होत असे. त्याला ना दस्त लागे, ना स्टँप, ना साक्षीदार.

मखमलाबाद हे माझे माहेर. आज महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले हे गाव माझ्या बालपणी गोदावरीच्या उत्तरेकडील मळ्यांचे गाव होते. मोगल अमदानीत नाशिकचे नाव गुलशनाबाद होते, आणि त्या नावाला साजेशी फुले माझ्या आठवणीतल्या काळातही भोवतालच्या मळ्यांतून रोज पहाटे शहरात येत: गुलाब, मोगरा, निशिगंध, झेंडू, आणि दिवाळीपासून पुढे शेवंती. आमच्या विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून खाली गेले की मोटेचे पाणी थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाने भाजीपाल्याला व गव्हाला जाई. थारोळ्यातून उसळून इकडेतिकडे जे सांडे, ते आईच्या शेवंतीच्या वाफ्यांचे. गोठा तेथून हाकेच्या अंतरावर होता, आणि रोज सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्याकडे जाणारी आई परत येताना रिकाम्या पाटीत मागच्या वर्षीचे, कुजून काळे व भुसभुशीत झालेले खत आणी. मळ्यातल्या इतर सर्व पिकांचा पैसा वडिलांच्या हाती येई. शेवंतीचा पैसा मात्र आईचा. पंचवटीत काळारामाच्या आसपास बसणाऱ्या हारवाल्यांना ती शेराच्या मापाने फुले घाली, आणि त्या पैशांतून गाईची पेंड, आमची पाटी-पुस्तके व सणासुदीचे लुगडे निघे. गाईच्या शेणावर फुले आणि फुलांच्या पैशावर गाईची पेंड, असा हा व्यवहार होता, आणि त्यात बाहेरच्या कोणाचे देणे लागत नसे.

ती शेवंती झिप्री जातीची, लहान पिवळ्या फुलांची. शेवंतीच्या बाबतीत जी गोष्ट शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसते, ती येथे सांगितली पाहिजे. शेतकरी ही शेवंती बियांपासून लावीत नाहीत. माघात फुले सरली की झाडे जमिनीलगत छाटायची, बुंध्याशी खत घालायचे, पाणी चालू ठेवायचे. मग मुळांपासून नवे कोंब फुटून जमिनीबाहेर येतात, त्यांनाच काश्या म्हणतात. वैशाखात या काश्या मुळ्यांसकट एकेक सोडवून नव्या जागी वरंब्यावर लावायच्या, पावसाळ्यात शेंडे खुडून झाड पसरवायचे, मावा पडू द्यायचा नाही, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही, आणि कार्तिकापासून फुले वेचायची. म्हणजे या वर्षीचे झाड हे गेल्या वर्षीच्या झाडाचे अपत्य नव्हे, ते तेच झाड आहे. आईने तिच्या आईकडून आणलेल्या, आजीने आणखी कोणाकडून आणलेल्या काश्यांत जो जीव होता, तोच जीव, न मरता आणि न बदलता, आमच्या थारोळ्याशी दरवर्षी फुलत होता.

पण तो टिकण्यासाठी त्याची दरवर्षी वाटणी करावी लागे. जुने खुंट तसेच राहू दिले तर काश्यांची गर्दी होते, फुले बारीक पडतात, मर रोग शिरतो, आणि दोनतीन वर्षांत वाफा बसतो. जितक्या काश्या सोडवाव्या आणि जितक्या दूर लावाव्या, तितकी शेवंती जोमाने येते. माझ्या वडिलांच्या पिढीत भावाभावांची वाटणी झाली, मग आमच्या पिढीत झाली. प्रत्येक खातेफोडीनंतर जमिनीचा तुकडा लहान होत गेला, बांध वाढले, आणि विहिरीतल्या हिश्शावरून चावडीपर्यंत तक्रारी गेल्या. जमीन वाटली की कमी होते, आणि शेवंती वाटली की वाढते. गाईचेही तेच. आईने शेजारणीला, नणंदेला, वाटेने जाणाऱ्या परक्या बाईलाही काश्या देताना कधी हात आखडता घेतल्याचे मला स्मरत नाही, आणि याचे कारण केवळ तिचे औदार्य होते असे मी मानीत नाही. आपल्याकडची शेवंती एखाद्या वर्षी पावसाने गेली, तर कोणाच्या तरी दारी ती असेल, हे तिने अनुभवाने जाणले होते.

गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. त्याच सुमारास माझे लग्न झाले आणि मी इगतपुरी तालुक्यात, घोटीच्या पलीकडे, कळसूबाईची रांग समोर दिसते अशा गावी सासरी गेले. आंदण म्हणून वडिलांनी एक कालवड दिली, आणि आईने ओल्या फडक्यात बांधलेल्या काश्या. पुढे वडील वारले, तेव्हा आमच्याकडील रीतीप्रमाणे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन मी जमिनीवरचा हक्क सोडल्याचा लेख लिहून दिला. १९५६च्या वारसा कायद्याने बापाच्या पश्चात मुलीलाही वारस ठरवले होते; पण हक्कसोड न करणाऱ्या बहिणीला माहेर तुटते ही समजूत कायद्याहून बळकट होती. ही रीत मला न्याय्य वाटत नाही, आणि माझ्या मुलीकडून मी तसा लेख कोणाला घेऊ दिला नाही. भावांनी पुढे मोट काढून इंजिन बसवले, मग विजेचा पंप बसवला, आणि द्राक्षांचे मांडव घातले. १९२५च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी ज्या पिकाचा आरंभ केला, ते आता जिल्ह्याच्या मळ्यामळ्यांत पोचले होते. बैल गेले, गोठ्याची जागा औषधांच्या पंपांनी घेतली, आणि थारोळे उरले नाही तेव्हा शेवंतीचे वाफेही उरले नाहीत.

सासर त्याच जिल्ह्यात, आगगाडीने दीड-दोन तासांच्या अंतरावर. पण पावसाच्या दृष्टीने तो वेगळाच मुलूख होता. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इगतपुरीत तीन हजारांच्या वर. आषाढात आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते, आणि चुलीवर वाळत घातलेल्या लाकडांचा धूर घरभर भरून राहतो. ज्या झाडाच्या मुळाशी रात्रभर पाणी उभे राहिले तर सकाळी पाने माना टाकतात, त्याने येथे जगायचे कसे? पहिल्याच पावसात बहुतेक काश्या सडल्या. ज्या वाचल्या, त्या आत्याबाईंनी वाचवल्या. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. फुलांचा त्यांना विशेष शौक नव्हता, पण सुनेबरोबर आलेली चीज मरू द्यायची नाही, एवढे त्यांना कळत होते. त्यांनी गोठ्याच्या पागोळ्यांच्या आत, भिंतीला लागून, दगड रचून कंबरभर उंचीचा ओटा करवला आणि त्यात माती भरली. त्या ओट्यावर माझी शेवंती पुढे कितीतरी वर्षे जगली.

खताचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. भाताच्या मुलखात शेणाला मागणी फार. चैत्र-वैशाखात रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर पसरून राब भाजतात. उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात, कारण पावसाळ्याच्या चार महिन्यांचे जळण त्यावर अवलंबून. शेवंतीसाठी दोन पाट्या खत मागणारी सून घरात धिटाईची ठरे. आत्याबाईंनी शेवटी तोड काढली ती अशी, की गोठ्यातल्या इतर जनावरांचे शेण राबाला आणि माझ्या आंदणाच्या कालवडीचे शेण माझे.

त्या कालवडीचे हाल पहिल्या पावसाळ्यात पाहवत नव्हते. पठारावरच्या कोरड्या हवेतले जनावर ते. खूर मऊ पडले, अंगावर केस फुगून राहिले, रानात सोडली तर थरथरत परत येई. त्याच रानात आमच्या घरच्या डांगी गाई दिवसभर पावसात चरत असत. डांगी ही या सह्याद्रीच्या उतारावरची जात: पांढऱ्या अंगावर काळे वा तांबडे पट्टे, कातडी तेलकट, इतकी की पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही, आणि खूर काळे व टणक. दूध बेताचे, वेताला सरासरी पाचशे लिटरही नव्हे. पण चिखलणीच्या वेळी गुडघाभर चिखलात दिवसभर औत ओढणारा बैल याच जातीचा, आणि घोटीच्या बाजारात त्याची पारख करायला लांबलांबून गिऱ्हाईक येई. माझी कालवड पुढे डांगी वळूपासून व्याली; तिची कालवड आणि त्या कालवडीची कालवड, असे होत तिसऱ्या पिढीत आमच्या गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाईच्या अंगावर काळे पट्टे होते आणि ती श्रावणसरीत निवांत रवंथ करीत असे. मखमलाबादचे तिच्यात काही दिसत नव्हते. तरीही आईकडून मुलीकडे जाणारा तो धागा माझ्याच आंदणाचा होता, आणि वाघबारशीला गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवीत तेव्हा मी तिच्या शिंगांना शेवंतीची पहिली फुले बांधी.

१९७२च्या दुष्काळात, जेव्हा आमच्या पर्जन्याच्या मुलखातही विहिरी खडखडीत झाल्या, तेव्हा भांडी धुतलेले पाणी ओट्यावर टाकून मी चारदोन काश्या राखल्या. त्या वर्षी फुले आली नाहीत.

पुढे संकरित गाईंचा काळ आला. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या संस्थेचे काम आणि १९७० पासूनची दूधवाढीची मोहीम यांमुळे जर्सी आणि होल्स्टिन यांचे रक्त खेड्यापाड्यांत आले, आणि आमच्या घरीही एक संकरित गाय आली. दूध भरपूर दिले तिने, हे मी कृतज्ञतेने सांगते. मुलांची शिक्षणे त्यावर झाली. पण तिला पाऊस सोसत नसे, गोचीड लगेच लागे, आणि डेअरीच्या वेळेसाठी तिची धार पहाटे तीनला काढावी लागे. म्हणून गोठ्यात विजेचा दिवा आला. त्या वर्षी एक विलक्षण गोष्ट घडली. ओट्याच्या दूरच्या टोकावरची शेवंती नेहमीप्रमाणे फुलली. पण गोठ्याच्या खिडकीसमोरची झाडे हिरवीगार, उंच, आणि कळीविना उभी राहिली. खत तेच, पाणी तेच, काश्या एकाच खुंटाच्या. आत्याबाई काही वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला अंधार पुरत नाय, पोरी. रातीचा दिवा झाकून ठेव."

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची एक पुस्तिका नंतर माझ्या वाचनात आली, आणि तीत आत्याबाईंच्या त्या वाक्याची शास्त्रीय उपपत्ती सापडली. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले की कित्येक वनस्पतींचे फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरते. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती. आमच्याकडे ज्येष्ठातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि मार्गशीर्ष-पौषातला लहानात लहान अकरा तासांचा. हा फरक फार नाही, पण शेवंतीला तेवढा पुरतो. रात्र लांबली की ती कळी धरते, आणि मधरात्री थोडा वेळही उजेड पडला तर तिच्या लेखी ती रात्र तुटते. कोंबड्यांचे याच्या नेमके उलट: दिवस लहान झाला की त्यांची अंडी कमी होतात, आणि म्हणून कुक्कुटपालक हिवाळ्यात खुराड्यात दिवे लावतात. एकाच अंगणात, एकाच सूर्याखाली, एका जिवाला उजेड हवा आणि दुसऱ्याला अंधार, आणि त्या दोघांचे मन राखून ज्या घरधनिणीला दोन्हींचे उत्पन्न काढायचे आहे, तिच्या जाणिवेची सूक्ष्मता किती असावी लागते, याचा विचार मला तेव्हापासून नेहमी येतो. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. खिडकीला मी गोणपाट लावले, आणि पुढच्या वर्षी सगळा ओटा एकदम फुलला.

आता ओटा नाही. मुलाने माळावर उताराच्या जमिनीत, जेथे पाणी साचत नाही, वीस गुंठ्यांवर शेवंती केली आहे. मुळे फुटलेली रोपे रोपवाटिकेतून येतात, रंग पांढरा आणि जांभळासुद्धा असतो, आणि फुले क्रेटमध्ये भरून नाशिकला व मुंबईला जातात. झिप्रीच्या चार ओळी माझ्यासाठी राखल्या आहेत. संकरित गाय विकून सूनबाईने दोन वर्षांमागे पुन्हा डांगी गाय घेतली. जुनी वेल मध्यंतरी तुटली होती, म्हणून ही दुसऱ्या घरातली, पण रंगाने तशीच. दुधासाठी ती घेतलेली नाही. शेण आणि गोमूत्र यांसाठी, आणि विकतच्या खताने माती घट्ट होत चालली आहे हे सूनबाईला स्वतःच्या हाताला कळले म्हणून. या गोष्टीचा मला जितका आनंद झाला, तितका तिने काही मोठे दागिने केले असते तरी झाला नसता.

यंदा तिने एक नवा प्रयोग मांडला आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या पूजेमुळे फुलांचा भाव चढतो, पण आमची शेवंती त्याआधीच अर्धी सरून जाते. म्हणून अर्ध्या ओळींवर तिने दिव्यांची माळ ओढली आहे आणि रात्री थोडा वेळ दिवे लावून त्यांची कळी मुद्दाम लांबणीवर टाकते आहे. गोठ्याकडच्या ओळींवर दिवे नाहीत. गाय दिवस भरत आलेली आहे, तिला रात्रीचा उजेड नको, असे सूनबाईच म्हणाली. मला या प्रयोगाविषयी संशय नाही, उत्सुकता आहे. माघात छाटणी झाली की दिव्याखालच्या ओळींतल्या काश्या मी वेगळ्या सोडवणार आहे आणि वेगळ्या वरंब्यावर लावणार आहे, कारण ज्या झाडाची रात्र एक हंगामभर तोडली, त्याच्या मुळाशी पुढचे कोंब कसे येतात, ते मला पाहायचे आहे.