उतार आणि उतारा

बर्गंडीची रेड वाईन ग्लासात ओतली की बघणाऱ्याला वाटतं, यात कुणीतरी पाणी घातलंय. रंग आपल्या कोकम सरबतासारखा, ग्लासामागे धरलेलं बोट दिसेल इतका पातळ. रेड वाईन म्हणजे काळपट, जड आणि तुरट असं ज्यांच्या डोक्यात असतं त्यांची पहिल्या घोटाला थोडी निराशाच होते. मग हळूहळू चेरी, रासबेरी, ओला पाचोळा असं एकेक जाणवायला लागतं आणि घोट संपल्यावरही बराच वेळ ते तोंडात राहतं. त्यातही शांबोल-म्युझिनी या गावची वाईन सगळ्यात नाजूक म्हणून ओळखली जाते.

घरात सगळे वाचतात त्या अंकात वाईनवर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. आमच्या आईला वाटलंच. पण मला लिहायचंय ते जमिनीबद्दल, आणि जमिनीचा विषय बेळगाव भागातल्या कुठल्या घरात निघत नाही?

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं फ्रान्समध्ये लिआँला होतो. तिथून उत्तरेला रेल्वेने दीड-पावणेदोन तासांवर बोन हे गाव आहे. बोनच्या दक्षिणेपासून वर दिजोंपर्यंत साधारण साठ किलोमीटरची एक टेकड्यांची ओळ जाते आणि जगातल्या सगळ्यात महाग वाईनपैकी बऱ्याच या एका ओळीच्या पूर्वेकडच्या उतारावर होतात. हा उतार रुंदीला कुठे कुठे किलोमीटरभरच. मी वूजोच्या स्टेशनवर उतरून शांबोलपर्यंत चालत गेलो होतो. गावात तीनेकशे माणसं, एक चर्च, दगडी घरं आणि चहूकडे गुडघा-कमरेएवढ्या द्राक्षवेली. आपल्याकडच्या मांडवावरच्या बागा डोळ्यासमोर असल्या तर ही बाग खुजी वाटते.

लाल वाईनसाठी इथे जवळजवळ एकच द्राक्ष लावतात, पिनो न्वार. पातळ सालीचं आणि भयंकर नाजूक. लवकर फुटतं म्हणून वसंतातल्या थंडीत मार खातं, पाऊस लागला की कुजतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये इथे असा गारठा पडला की शेतकऱ्यांनी कोंब वाचवण्यासाठी रात्रभर वेलींच्या रांगांमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या. गामे नावाचं दुसरं द्राक्ष भरपूर पिकतं आणि त्रास कमी देतं, पण १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने ते दगाबाज ठरवून उपटून टाकायचा हुकूम काढला होता.

द्राक्ष एकच, मग वाईन वेगवेगळी कशी? आम्ही सॉफ्टवेअरवाले चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो, बाकी सगळं तसंच ठेवतो. बर्गंडीत नेमकं तेच झालंय. द्राक्ष तेच, करणारा माणूस तोच, वर्ष तेच, बदलली फक्त जमीन. उताराच्या अगदी वर माती पातळ आणि खाली चुनखडी, पायथ्याला माती जड आणि पाणी धरणारी. मधला पट्टा सगळ्यात चांगला, आणि तिथेही शंभर पावलांवर माती बदलते. शांबोलच्या जमिनीत चुनखडी जास्त, चिकणमाती कमी, म्हणून तिथली वाईन हलकी, असं सांगतात.

जमिनीच्या अशा प्रत्येक तुकड्याला तिथे ‘क्लिमा’ म्हणतात आणि प्रत्येकाला नाव असतं. असे १२४७ तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. नावं मजेशीर आहेत. मर्सो गावात ‘पेर्रिएर’ म्हणजे दगडाच्या खाणी. शांबोलमध्ये एक ‘आमुरूझ’ आहे, म्हणजे प्रेमात पडलेल्या बायका. जेमतेम साडेपाच हेक्टर. मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. आमच्या गावातही ‘विहिरीची पट्टी’, ‘चिंचेचं शेत’ असंच म्हणतात. चिंच माझ्या जन्माआधी पडली, नाव आहे. आणि आप्पा बासमतीचा भात हुंगून सांगायचे, हा खालच्या पट्टीचा नाही, वरच्या. आम्ही मुलं हसायचो. शांबोलला एका घरगुती तळघरात दोन शेजारच्या तुकड्यांच्या वाईन एकामागून एक चाखताना मला आप्पांचा तो चेहरा आठवला.

आता वाटणीची गोष्ट. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी वूजोजवळ पन्नासेक हेक्टर जमीन शतकानुशतकं कसली, भोवती दगडी भिंत घातली. तीच ‘क्लो द वूजो’. साधू माती जिभेवर ठेवून पारखायचे अशी दंतकथा सांगतात. मला ती पटत नाही, पण तेच लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबले की असं ज्ञान येणारच. राज्यक्रांतीत मठाची जमीन जप्त होऊन विकली गेली. १८८९ मध्ये तिचे पहिल्यांदा तुकडे पडले आणि आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. म्हणजे सरासरी दीडेक एकर. काहींकडे मोजून काही रांगा. लेबलवर जमिनीचं नाव सगळ्यांचं तेच, खाली मालक वेगळा, चवही वेगळी.

याला कारण १८०४ चा नेपोलियनचा कायदा. सगळ्या मुलांना, मुलींनाही, वारशात वाटा. दर पिढीला रांगा वाटल्या गेल्या आणि लग्नातून परत जोडल्या गेल्या. तिथल्या अनेक वाईनघरांच्या नावात दोन आडनावं असतात, एक नवऱ्याचं, एक बायकोचं. भाऊबंदकी लेबलवर छापलेली मी तिथेच पाहिली.

पण गेल्या काही वर्षांत गणित बिघडलंय. जमिनीचा भाव इतका चढलाय की वारसा कर बाजारभावाने भरायचा तर वाईन विकून जमत नाही. मग एखादा भाऊ म्हणतो, विकू या. २०१४ मध्ये ‘क्लो दे लाम्ब्रे’ लुई व्हिताँवाल्या उद्योगसमूहाने घेतली. ११४१ पासून फक्त तीन मालक पाहिलेली ‘क्लो द तार’ २०१७ मध्ये गुचीवाल्या घराण्याकडे गेली. नवे मालक वाईन वाईट करतात असं नाही, कदाचित चांगलीच करतील. पण ज्या गावात प्रत्येक रांग कुणाच्या तरी आजीच्या वाटणीची होती, तिथे आता मालक पॅरिसला बसतो, हे मला खटकतं.

आमची जमीन सव्वादोन एकर. आप्पा आणि दोन काका, पुढे आम्ही पाच चुलतभावंडं. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. गावापर्यंत प्लॉट आलेत आणि गेल्या दिवाळीपासून एक जण भाव सांगून जातोय. अठरा-अठरा गुंठे करून विकायचे, असं दोघांचं मत. मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. एकाला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत, दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे.

बर्गंडीत काही कुटुंबं एक युक्ती करतात. जमीन एका कौटुंबिक संस्थेच्या नावावर करायची आणि वारसांमध्ये जमीन न वाटता त्या संस्थेचे हिस्से वाटायचे. ज्याला बाहेर पडायचंय त्याने हिस्सा घरातल्याच कुणाला विकावा, बांध मात्र मोडायचा नाही. हे आपल्या कायद्यात कसं बसेल ते वकिलाकडून समजून घेतोय. गणपतीत सगळे जमले तेव्हा मी कागदावर आकडे मांडून दाखवले, कर्ज असलेल्याचा हिस्सा मी आणि बहीण मिळून हप्त्याने घेऊ असंही सांगितलं. चुलतभावाने कागद दोनदा वाचला, फोटो काढून घेतला. धाकटे काका इतका वेळ गप्प होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “ते सगळं खरं रे बाळ, पण शेत करणार कोण?”