घर दाखवताना

फेब्रुवारीपासून आतापर्यंत आमचं घर अकरा जण पाहून गेले. घर विकायला काढलंय हे ज्या नातेवाइकांना अजून कळलं नव्हतं, त्यांना ते या ओळीत कळलं असेल. रागावून फोन करण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

कारणं नेहमीचीच आहेत. हिचे गुडघे, माझी साखर, मुलगा पुण्याला, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर चिखलीला न्यायला कोणाची गाडी मिळते इथपासून सुरुवात. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते घर दाखवण्याबद्दल, कारण चाळीसेक वर्षांत जेवढं या घराकडे बघितलं नसेल तेवढं या चार महिन्यांत बघितलं.

ज्यांनी घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. घाटावर आणि घाटाखाली. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. आमचं गाव घाटावरचं, चिखली तालुक्यातलं. घर आजोबांनी बांधलेलं, धाब्याचं. सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, वर पाला आणि तुराट्या, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरची माती. ती पाणी आत जिरू देत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी तिचा नवा थर द्यायचा, पन्हाळी मोकळ्या करायच्या, मग पावसाळा निभावतो. उन्हाळ्यात आत गेलात की पंखा लावावासा वाटत नाही. १९८६ साली मागच्या बाजूला मी प्रॉव्हिडंट फंडातून दोन खोल्या स्लॅबच्या बांधल्या. त्या खोल्या मे महिन्यात भट्टीसारख्या तापतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याच आवडल्या!

तर, तयारी. मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यामुळे 'साहेब येणार' म्हणून करायच्या तयारीत आपण मुरलेले. तपासणीच्या आदल्या आठवड्यात भिंतींना चुना, खाली गेरूचा पट्टा, फुटक्या फरशीवर सतरंजी, आणि सगळ्यात हुशार पोरगं पहिल्या रांगेत. सगळे साहेब त्या पोराला प्रश्न विचारून खूश होऊन जात. एक विस्तार अधिकारी मात्र वेगळे. आले की भिंतींकडे न बघता थेट पिण्याच्या पाण्याच्या माठाकडे जात, झाकण काढून आत बघत. त्यांची फार भीती वाटायची.

घराच्या तयारीत सल्ले देणारे खूप. मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, आधी पसारा काढा." अमेरिकेतल्या भाचीनं तर शास्त्रच सांगितलं. तिकडे घर विकताना पैसे देऊन माणूस बोलावतात. तो येऊन निम्मं सामान काढून ठेवतो, भाड्याचा सोफा आणतो, आणि घरच्यांचे सगळे फोटो उतरवतो. फोटो का, तर बघायला येणाऱ्याला ते घर दुसऱ्याचं वाटू नये, आपलंच वाटावं. मला पुण्यात मुलाबरोबर पाहिलेला सॅम्पल फ्लॅट आठवला. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून आतल्या खोल्यांना दारंच नव्हती, आणि पलंग इतका आखूड की मी झोपलो असतो तर पाय बाहेर आले असते.

आम्ही काय केलं? माळ्यावरची दोन पोती रद्दी दिली. त्यात १९८० पासूनच्या टाचणवह्या होत्या. त्या देताना मी बाहेर जाऊन बसलो. ओसरीवरची मोडकी सायकल गेली. भिंतींना डिस्टेंपर मारला. आई-वडिलांचे हार घातलेले फोटो उतरवायला हिनं साफ नकार दिला. "ज्याला घ्यायचंय तो घेईल. मामंजी काय त्याच्याकडे राहायला जाणार आहेत?" यावर अमेरिकेतल्या शास्त्राकडे उत्तर नव्हतं.

मग माणसं यायला लागली. पहिल्या दोघांनी घर पाहिलंच नाही, जागा पाहिली. अंगणात उभं राहून पावलं मोजली, "पाडायचा खर्च किती येईल?" असं आपसात बोलले, चहा घेतला, गेले. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या मेहकर, सिंदखेड राजाच्या बाजूनं जातो. तेव्हापासून आमच्यासारख्या बऱ्याच आतल्या गावातही माणूस जमिनीकडे बघताना मनात गाळे बांधत असतो.

तिसरा मोबाईलमधला होकायंत्र घेऊन दारात उभा राहिला. दार दक्षिणेचं निघालं. तो उंबरठ्याच्या आत आलाच नाही. या दारातून तीन पिढ्या आत-बाहेर केल्या, त्यातले दोघं नव्वदी पार करून गेले, हे सांगायची इच्छा फार झाली. पण असो.

चौथा लाकूडवाला. जुन्या सागवानाला सध्या मोठी मागणी आहे. शहरात हॉटेलं आणि फार्महाऊस जुन्या वाड्यांच्या खांबांनी सजवतात. त्याने प्रत्येक खांबाला नाणं वाजवून पाहिलं, नखानं ओरखडा काढला, कडीपाट बॅटरीनं निरखला. बंगईच्या कड्या हातात घेऊन वजन पाहिलं. आमच्या घराचं इतकं बारकाईनं कौतुक आजवर कोणी केलं नाही हे मान्य करायला हवं. "गुर्जी, लाकडाचे अलग, जागेचे अलग," म्हणाला. आकडाही चांगला बोलला. ही त्या रात्री जेवली नाही नीट.

आणि आता मुख्य गोष्ट.

माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक खांब आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मूळचा खांब बदलावा लागला, सागवान परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून वडिलांनी तिथे बाभळीचा घातला. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. ती तिथे सोडून नेमकी या बाभळीला लागली. २०११ मध्ये गिलावा पडला तेव्हा ते कळलं. भोकं पाडून औषध घातलं, बाजूला लोखंडी चॅनेलचा टेकू दिला, वर पुन्हा गिलावा केला. आज बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. पेंटर म्हणाला, "सर, पुट्टी मारली की देवालेबी नाही समजणार." मुलाचं म्हणणं, "विचारलं तर सांगा. न विचारता कशाला सांगायचं?"

मी चिखलीला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, नैतिक-अनैतिक बाजूला ठेवा, कायदाच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या कलम ५५ मध्ये आहे की मालमत्तेत किंवा तिच्या मालकीत मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, घेणाऱ्याला नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. 'घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत' ही म्हण तिथे संपते. भिंतीच्या पोटातला खांब डोळे उघडे ठेवून दिसत नाही.

घरी येऊन मी हे हिला समजावून सांगायला लागलो, तर ही म्हणाली, कायदा राहू द्या.

"आमचे दादा तुमचं घर बघायला आले ते श्रावणात. आठवतं?"

मला काय आठवणार, मी तेव्हा शाळेत होतो. पण गोष्ट खरी. १९७५ साली तिचे वडील स्थळ बघायला आले. पाऊस चांगला झाला होता. माझ्या काकांनी त्यांना परसातला आड दाखवला. हात घालून तांब्या भरावा इतकं पाणी वर आलेलं. दादा घाटाखालचे, पाण्याच्या बाबतीत पारखून घेणारे. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, सगळं ठीक आहे, दारात पाणी आहे, पोरीला त्रास नाही.

आमचा आड गुढीपाडव्यानंतर कोरडा पडतो. तेव्हाही पडायचा. हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. लग्न १९७६ च्या वैशाखात झालं आणि ही आली त्याच आठवड्यात डोक्यावर हंडा घेऊन गावविहिरीवर जायला लागली. हिरव्या बांगड्या अजून हातात होत्या. पुढे नळ येईपर्यंत दर उन्हाळा तसाच गेला. एवढ्या वर्षांत तिनं हा विषय मला एकदाही काढून दाखवला नव्हता. त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता काढला आणि परत पोळ्या लाटायला लागली.

त्यानंतर ठरलं. जो येईल त्याला आधी चहा, मग खांब, मग आड, मग बाकीचं घर.

याचा परिणाम मात्र आम्हाला वाटला तसा झाला नाही. पाचवा आणि सहावा आकडा पाडून बोलले, ते समजण्यासारखं होतं. सातव्याला मी गिलाव्यावर बोट ठेवून सांगितलं की इथे आत वाळवी लागली होती, टेकू दिला आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "काऊन सांगता गुर्जी मले हे?" मी म्हटलं, तुम्ही घेणार, तुम्हाला माहीत हवं. तो गेला आणि गावात बोलला म्हणे की गुरुजी स्वतःहून एवढं सांगतात त्याअर्थी त्या घरात याहून मोठं काहीतरी आहे. कोणी म्हणालं भाऊबंदकी, कोणी म्हणालं बाधा. पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. मुलगा फोनवर काही बोलला नाही, पण ते न बोलणं ऐकू येत होतं.

मधल्या काळात कागद गोळा केले. गावातल्या घराला पूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच कागद असायचा, आणि तो कर आकारणीचा, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली स्वामित्व योजना आली, घरांच्या हद्दी चुन्यानं आखल्या, वरून ड्रोन फिरला. त्यावरून मालमत्ता पत्रक, म्हणजे आपल्याकडे ज्याला आखीव पत्रिका म्हणतात, ती होते. तिच्यावर माझ्यासोबत माझ्या दोन्ही बहिणींची नावं आहेत. एका हितचिंतकानं सल्ला दिला, "साडी-चोळी करा, हक्कसोड लिहून घ्या, मोकळे व्हा." वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा आहे हे स्पष्ट केलं. ताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला पैसे नकोत." मी म्हटलं, ते घेतल्यावर काय करायचं ते तू ठरव. तीन वाटे होणार आहेत. या विषयावर कोणी फोन करू नये.

दहावं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं. तो लाइनमन, ती अंगणवाडीत. एप्रिलमध्ये येऊन गेले, सगळं ऐकून घेतलं, हो-नाही काहीच बोलले नाहीत. मे महिन्यात भर दुपारी ती सासूला घेऊन पुन्हा आली. या वेळी घरात न शिरता आधी परसात गेली. आडात वाकून बघितलं. तळाशी भेगा पडलेला गाळ आणि एक प्लास्टिकचा चेंडू.

"काकू, कोणत्या महिन्यापासून?"

हिनं सांगितलं. नळ किती दिवसांआड, टाकी किती लिटरची, हंडे कुठे भरून ठेवते, सगळं सांगितलं. दोघी तिथेच तुळशीजवळ तासभर बोलत उभ्या होत्या. सासूबाई धाब्यावर चढून गेल्या आणि कुरडया वाळवायला जागा चांगली आहे म्हणाल्या. खांबाबद्दल त्या मुलीनं एवढंच विचारलं की टेकू कोणत्या बाजूनं आहे, कारण तिला तिथे फळी ठोकायची आहे.

अकरावा आला तोवर आमचं बोलणं झालं होतं. त्यालाही चहा दिला.

इसार झाला आहे. आकडा इथे लिहीत नाही. लाकूडवाल्यापेक्षा कमी आहे, एवढं सांगतो. वकिलांनी इसारचिठ्ठीत खांबाचं आणि आडाचं एकेक वाक्य घातलं. घर त्या मुलीच्याच नावावर होणार. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. सासूबाईंना ही सवलत आधीपासून ठाऊक होती!

बंगई आम्ही नेत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती टांगायला कडी नाही. यंदा पांढरी माती टाकावी की नाही यावर आमचं दोन दिवस चाललं. शेवटी मृगाच्या आधी दोन ट्रॉल्या आणून घेतल्या. खरेदीखत श्रावणात आहे. सह्यांसाठी ताई आणि धाकटी दोघी येणार आहेत, चार दिवस राहणार आहेत, आणि दोघींनाही मागच्या स्लॅबच्या खोल्यांत झोपायचं नाही असं आत्ताच कळवलं आहे.