पहिलं इंजिन का गेलं?

इंजिन बांधून गाडी गॅरेजबाहेर निघाली की गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला. "मिस्त्री, आता किती वर्षं बघायला नको?" आकडा सांगायचा झाला तर सांगता येतो. पेट्रोलची लहान गाडी असेल, काम मापात झालं असेल आणि मालक तेल वेळेवर बदलणारा असेल, तर लाख-दीड लाख किलोमीटर सहज. कंपनीतून आलेल्या इंजिनाइतकी चाललेली बांधीव इंजिनंही आहेत, आणि वर्षाच्या आत पुन्हा उघडावी लागलेलीही. म्हणून मी उलट विचारतो, पहिलं का गेलं होतं? बहुतेकांना ते माहीत नसतं. पुष्कळ गॅरेजांतही ते कोणी शोधत बसत नाही. झिजलेले पार्ट भंगारात, नवे आत, आणि ज्या दुखण्यानं पहिलं इंजिन खाल्लं ते गाडीत तसंच.

आम्हा कोल्हापूरकरांना हे पुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला लोक सेल्फ मारत राहतात. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. जास्त वाकला तर इंजिन जागेवर बसतं, ते एका परीनं बरंच. थोडा वाकला तर गाडी महिनोन्महिने चालते. मग धूर सुरू होतो, तेल कमी व्हायला लागतं, कोणीतरी रिंगा बदलून देतो, आणि थोड्या दिवसांत पुन्हा धूर.

अशा इंजिनाचं हेड काढल्यावर मी आधी बोअरच्या वरच्या कडेची काजळी बघतो. तिचा पट्टा सगळ्या सिलिंडरांत सारखा हवा. एकातच तो रुंद असेल, तर तिथला पिस्टन पुरता वर येत नाही, म्हणजे रॉड वाकून आखूड झालाय. मग पिस्टन काढून त्याचा घेर बघायचा. एका बाजूला वर घासलेला, समोरच्या बाजूला खाली, म्हणजे तो बोअरमध्ये तिरका चालत होता. या रॉडवर कितीही महागाच्या रिंगा घाला, पैसे पाण्यात.

खरं आयुष्य ठरतं ते लेथवर. आमच्याकडं उद्यमनगरात या कामाचे जुने हात आहेत. मारुती आठशेचा बोअर मुळात ६८.५ मिलिमीटरचा. झिजला की तो पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा करून त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे. ती मापंही संपली की स्लीव्ह ठोकून परत स्टँडर्डला आणायचा. होनिंगच्या दगडानं बोअरला तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. तेल त्यांतच टिकतं. पण या रेघांत दगडाची पूडही अडकते. नुसत्या डिझेलनं धुवून ती निघत नाही. साबण, गरम पाणी आणि ब्रश घेऊन घासायचं, पांढरं फडकं फिरवायचं आणि फडक्यावर करडा डाग उमटायचा थांबेपर्यंत घासत राहायचं. त्यावर लगेच तेलाचा हात, नाहीतर तासाभरात गंज धरतो. हे पोराटोरांवर सोपवून चहाला जाणारा मिस्त्री असेल, तर गाडी दुसरीकडं न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पूड रिंगा खाते, तेलाबरोबर खाली उतरून बेअरिंगही खाते.

हाफ इंजिनाबद्दलही बोलतो. वर पिस्टन-रिंगा नव्या करायच्या आणि खाली क्रँकला हात लावायचा नाही, यात पैसे वाचतात खरे. पण वरचा जोर वाढतो आणि खालच्या झिजलेल्या बेअरिंगला तो झेपत नाही. क्रँक मायक्रोमीटरनं मोजून चांगली निघाली तरच मी हाफ करतो.

गाडी हातात आल्यावर पहिले हजारभर किलोमीटर मालकाचे. जुनी पद्धत अशी की नवं इंजिन दिवसभर जागेवर चालू ठेवायचं. मला ती पटत नाही. रिंग बोअरला घट्ट बसते ती मागून येणाऱ्या वायूच्या दाबानं, आणि जागेवर भुरभुरणाऱ्या इंजिनात तो दाब नसतो. बोअर नुसता गुळगुळीत होतो आणि इंजिन कायमचं तेल प्यायला लागतं. त्यापेक्षा गाडी रस्त्यावर काढा. वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच वेगानं तासन्‌तास नको. आंबा घाटात वरच्या गिअरमध्ये रेटू नका, गिअर खाली टाका. पहिलं तेल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरला बदला. ते तेल स्वच्छ दिसलं तरी बदला, कारण बसणाऱ्या पार्टांचा चुरा त्यातच असतो.

आणखी एक खोड. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. इंजिन मग गरम व्हायलाच वेळ घेतं, न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं तेल धुवून नेतं, आणि झीज वाढते. तापण्याचं मूळ बहुधा रेडिएटरात असतं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरवेलचं जड पाणी ओतलं की त्याच्या नळ्या क्षारांनी बुजतात.

इंजिन बांधायला टाकणार असाल तर सीट कव्हर आणि पॉलिश मागं ठेवा. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, एअर फिल्टर याच कामात करून घ्या. आणि जुने पार्ट मिस्त्रीकडून मागून घ्या. कुठं, कशानं झिजलेत, ते त्यालाच दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर इंजिन त्याच्याकडं बांधू नका.