दोन मडकी पाला

आमच्या घरामागं सहा हात रुंद आणि दहा-बारा हात लांब जागा होती. आजी तिला परस म्हणायची. बाग म्हणायची आमची छाती नव्हती. बागा मालकांच्या, विहिरीवर मोट चालणाऱ्यांच्या. आमच्या परसाला पाणी कुठलं? गावच्या विहिरीला आमची घागर चालत नव्हती. आमच्या बाया नदीच्या वाळूत झरा उकरायच्या, वाटी-वाटीनं घागर भरायच्या. त्या पाण्यात आधी माणूस, मग भांडी, आणि उरेल ते दोडक्याला. न्हाणीचा दगडच आजीनं दोडक्याच्या आळ्यापाशी मांडला होता. मी आंघोळीला कुरकुर केली की म्हणायची, "बस गुमान. आंघोळ तुझी न्हाई, दोडक्याची हाय."

दोडका, काशीभोपळा, वालाचा वेल, कडेला शेवगा. पावसाळ्यात आपोआप उगवणारा तांदुळजा आणि घोळ. एक शेळी, चार कोंबड्या, एक मांजर. आणि काळ्या. काळ्या म्हणजे कुत्रा. त्याला कुणी आणलं नव्हतं, तोच आमच्याकडं राहायला आला होता. काळ्या गावच्या विहिरीवर जाऊन डोणीत तोंड घालायचा. लोक त्याला हाड म्हणायचे, पण विहीर बाटली असं कुणी म्हणत नव्हतं. आजी लांब उभी राहून हे बघायची. आम्हीही बघायचो.

हिवाळ्यात आजी हरभरा खुडायला जायची. शेंडा खुडला की झाड जास्त फुटतं, घाटे जास्त धरतात. म्हणून मालक खुडू द्यायचे. फायदा त्यांचा, पाला आमचा. ओटी भरून आणलेला तो पाला ती सावलीत वाळवायची, उन्हात काळा पडतो म्हणून. धुवायची नाही, धुतला की आंब जाते. वाळला की मडक्यात दाबून भरायची, वर कडुलिंबाचा पाला, तोंडाला फडकं. दरसाल दोन मडकी. दोडक्या-भोपळ्याचं बी राखेत घोळून गाडग्यात. अंबाडी, गवार परसातल्या दोरीवर वाळायची.

ती दोरी ज्या खुंट्यांना बांधलेली होती, त्याच खुंट्यांवर आजीच्या सासूच्या काळात चान्या वाळायच्या. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं काम महारांचं. त्या मांसाच्या पट्ट्या काढायच्या, मीठ-हळद लावायची, वाळवायच्या, कावळे हाकत बसायचं. पावसाळ्यात काम नसलं की तेच खायचं. यात मिटक्या मारण्यासारखं काही नव्हतं. लाजेनं मान खाली घालण्यासारखंही नव्हतं. पोट होतं.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. आमच्या वस्तीला ते अंगी लागायला १९५६ उजाडलं. नागपूरच्या दीक्षेनंतर आमच्या लोकांनी ढोर ओढणं बंद केलं. मांस सोडलं नव्हतं, मेलेलं सोडलं होतं. दारोदार भाकरी मागणं सोडलं होतं.

मित्रांनो, हे आपण भाषणात एका वाक्यात सांगतो. सोडलं. टाळ्या पडतात. पण सोडल्यावर दुसऱ्या दिवशी चुलीवर काय ठेवलं, हे कुणी सांगत नाही. कारण भाषण करणारे आपण, आणि चूल पेटवणाऱ्या त्या.

१९७२ साली पाऊस आलाच नाही. परस करपलं. झरा आटला. आई आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. गोठ्यागोठ्यात जनावरं मरत होती. एका मालकाचा बैल मेला. माणूस निरोप घेऊन आला, "ढोर उचला. कातडं तुमचं, मांस तुमचं. उपाशी मरताय कशाला?"

वस्तीतले बाप्ये गप्प झाले. घराघरात लेकरं उपाशी होती, गप्प व्हायलाच पाहिजे होतं. आजी दारातून म्हणाली, "आमी न्हाई वढत आता. मालकाला सांगा."

बैल बांधावर पडून राहिला. रात्री काळ्या पोट तट्ट फुगवून आला आणि उंबऱ्यापाशी पसरला. मी नऊ वर्षांचा होतो. मी रडत म्हणालो, "काळ्या खातोय की. मग आपुन का न्हाई खायाचं?"

आजी म्हणाली, "त्यानं कुठं दीक्षा घेतलीय, लेकरा?"

मग तिनं मडकं उतरवलं. मूठभर पाला, तांब्याभर पाणी, चिमूटभर मीठ, वर मिलोचं पीठ भुरभुरलं. आम्ही सहा जण ते प्यालो. भाजी म्हणावी इतकं घट्ट नव्हतं ते. दोन मडकी पुरवून-पुरवून वापरली. पुढच्या सालापासून त्या मालकाच्या हरभऱ्यात आजीला कुणी पाय ठेवू दिला नाही. ती दोन कोस लांब दुसऱ्या गावच्या शिवारात खुडायला जायला लागली. मडकी भरलीच.

आता माझं सांगतो. मी तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेलो. नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. आजीनं गठुड्यात वाळला पाला बांधून दिला. खोलीतल्या पोरांनी वास घेतला, हसले, "ह्यानं चारा आणलाय." वीस मार्चला मी महाडवर जोरात भाषण केलं. आपल्या माणसांनी काय काय सोडलं ते सांगितलं. त्याच रात्री आजीचं गठुडं नाल्यात टाकलं.

सुट्टीत घरी गेलो तर तिनं विचारलं, "पाला सपला का?"

"सपला."

"गोड लागला का?"

"लागला."

तिनं दुसरं गठुडं बांधलं. तेही मी टाकलं. ती गेली तेव्हा माझी परीक्षा होती. तिला खरं कधी सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितोय.

आता माझ्या घराच्या गॅलरीत चार डबे आहेत, त्यात मिरची आणि दोडका. थंडीत बाजारातून हरभऱ्याची भाजी आणतो, जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत पसरतो. नात विचारते, हे कशाला? मी तिला काळ्याची गोष्ट सांगतो. ती हसते. मग विचारते, आणि तुम्ही पाला टाकला ते?

तेही सांगतो.

तुम्ही पोरं गावोगाव फिरता, जयंतीच्या वर्गण्या गोळा करता. एक काम करा. ज्या घरी जाल तिथल्या म्हातारीपाशी घडीभर बसा. विचारा, सोडलं तेव्हा तुम्ही काय खाल्लं? काय वाळवून ठेवायच्या, कशात ठेवायच्या, किती दिवस पुरायचं? वहीत लिहून घ्या. वर्गणीच्या पावतीमागं लिहिलं तरी चालेल. पण लवकर करा. म्हाताऱ्या थोड्याच उरल्यात.